दहा यार्ड

मालाडच्या नवव्या मजल्यावर, रात्री अकराला,
नाझनीन मॅडमनी फळ्यावर एक मैदान काढलं.
म्हणाल्या, रविवारी गिऱ्हाईक बोललं
तर निम्मं याच्यावरच बोलेल.
चार संधी, दहा यार्ड. लिहून घ्या.
आम्ही लिहून घेतलं,
शाळेत पानिपत घेतलं होतं तसं,
कोण कुठून का निघालं ते न विचारता.

नाव फुटबॉल, पण पाय लागतो क्वचित.
चेंडू गोल नाही, खारकेसारखा.
घड्याळात पंधरा मिनिटं उरलीत
म्हणजे तुमचा तास गेला समजा.

मंगळवारी सकाळी, नायगावच्या खोलीत,
चपला काढता काढता मी पपांना सांगितलं.
पपा डेपोत फिटर होते,
आणि एकतीस वर्षं कबड्डीचे पंच.
शिट्टी अजून खिळ्याला आहे, कॅलेंडरशेजारी.
त्यांनी मोबाईल तांब्याला टेकवून सामना लावला
आणि बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "हा दम कधी धरतो?"
धरत नाही, पपा.
"मग तो लबाडी करतोय हे कळणार कसं?"

दुसऱ्या चहाला मांडीवर थाप मारली त्यांनी.
"अगं, हे तर बांधाचं भांडण!
गडी बाद करायचाच नाहीये इथे.
चार खेपांत दहा यार्ड पुढे सरका,
नाहीतर सातबारा समोरच्याच्या नावावर."
मला तीन रात्रींत जे कळलं नव्हतं
ते एका बशीत कळलं.

मग दोघं जण खरीखुरी साखळी घेऊन धावत आले
अंतर मोजायला.
पपा उठूनच उभे राहिले.
"आम्ही हातांची करायचो," म्हणाले,
आणि हात पुढे करून बघितला,
शेजारी कोणी नव्हतं.
पिवळा रुमाल पडला तेव्हा मात्र हसले.
"यांचे पंच फेकतात.
आमच्याकडे पंचावर फेकायचे."

पुढच्या रविवारी, रात्री एकला,
ओहायोहून एक म्हातारा.
बेडरूममधला टीव्ही बंद करायचाय,
तो बघणारं माणूस आता नाही, म्हणाला.
मी हर्षाली, पण तिथे हेली.
मी खाते क्रमांक विचारला.
तो तीन आकडे बोलला आणि थांबला.
मागे माणसांचा समुद्र उसळत होता.

नियमाप्रमाणे मी विचारायला हवं होतं,
सर, तुम्ही लाइनवर आहात का?
मी विचारलं, चौथी का?
"चौथी," तो म्हणाला. "तू बघतेस?"
किती हवेत?
"दोन."
पळतील, की लाथाडून देतील?
"तुला काय वाटतं?"

माझ्या पडद्यावरचे सेकंद लाल झाले.
त्याने दम धरला. मीही.
तेरा हजार किलोमीटर तार
आणि दोन्ही टोकांना कोणी श्वास घेत नव्हतं.

पपांनी सगळ्यात आधी हेच विचारलं.
"गेले का मग?"
नाही. लाथाडला, लांब.
"बरं केलं. दोन यार्डांपायी घर उघडं टाकू नये."
थोड्या वेळाने म्हणाले,
"आपल्याकडे असं देऊन टाकता येत नाही.
फार तर रिकामं परत यायचं."
आणि टीव्हीचं काय झालं?
राहू दे म्हणाला, एवढा मोसम.

कॉल सात मिनिटं जास्त गेला.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
ग्राहकाला माहिती दिली.

मी आडवी झाले तेव्हा
खाली पाण्याच्या बादल्या वाजत होत्या.
पपांनी आवाज बंद करून ठेवला होता माझ्यासाठी,
आणि तांब्यासमोर मांडी घालून,
उजवा हात वर करून,
कोणाला तरी बाद देत होते.
त्या खेळात तसं नसतं, हे
मी त्यांना उठल्यावर सांगणार होते.